अहवालात खोकला लिहीत नाहीत

अहवालात खोकला लिहीत नाहीत.
चष्मा पुसायला लागलेला वेळ लिहीत नाहीत.
"अं", "म्हणजे", घोटभर पाणी,
हे सगळं मी गाळते, त्याचाच पगार घेते
होबार्टच्या या दगडी इमारतीत, एकोणीस वर्षं,
कानांवर हेडफोन, पायाखाली पेडल.

ब्रॉनविन हॅदर्ली, विरोधी बाक,
मंगळवार, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं:
मंत्रिमहोदयांना ठाऊक आहे का,
की रविवारी रात्री मॅरोबी इस्पितळाच्या दारात
सात रुग्णवाहिका इंजिन चालू ठेवून उभ्या होत्या,
आणि चौथीत लिओनार्ड कुबाकी, वय एक्याऐंशी,
पाच तास चाळीस मिनिटं
गाडीचं छत वाचत पडले होते?

मंत्री म्हणाले, प्रश्नाबद्दल आभार.
मंत्री म्हणाले, आमच्या आधीचं सरकार.
मी लिहिलं: (गोंधळ).
कंसात मावेल तेवढाच गोंधळ.

तिचे प्रश्न मला पाठ झालेत.
रात्रपाळीला नर्स किती. बाळंतपणाचा वॉर्ड
कुणाच्या सहीने बंद झाला.
आणि त्याच दमात:
मॅरोबीच्या क्लबात पोकर मशीनं किती,
आणि ती पहाटे कितीपर्यंत जागी?
समोरून कुणी ओरडलं, बाई, एका वेळी एक विषय!
ती म्हणाली, एकच आहे.
(हशा.)
हशा मात्र लिहितात.

खोटं कशाला बोलू, गुरुवारी वीस डॉलर घेऊन
मीही जाते कधीकधी. तीन चेरी एका ओळीत
येता येता राहतात, तेवढ्यासाठी.

तिचं विधेयक साडेचार पानांचं.
एका फेरीला एक डॉलर, वर नाही.
पहाटे चार ते दहा मशीनं बंद.
समितीपुढे साक्षीला आली डिलिस प्रूएट,
क्लबात सफाई करणारी, हातात पिशवी तशीच.
म्हणाली, खुर्च्या पुसताना कळतं हो,
माणसं उठायचंच विसरतात.
सभापतींनी विचारलं, म्हणजे नेमकं काय?
ती म्हणाली, ओल्या असतात.
यावर हशा नव्हता.

मग दुसऱ्या वाचनाला डेझमंड ट्रेल उठले,
क्लबांचे जुने स्नेही, आवाज लोण्यासारखा.
मॅरोबीत डायलिसिसची एक खुर्ची आहे,
हातावर पितळी पट्टी: क्लबच्या सौजन्याने.
सन्माननीय सदस्यांच्या मातोश्री तिच्यावरच बसतात.
सदस्यांनी ती पट्टी कधी वाचली आहे का?

अकरा सेकंद.
मी पेडल मागे नेऊन तीनदा मोजले.
कुणाचा तरी पेन पडला. लांब कुठे दार.
मग ती, खालच्या पट्टीत:
वाचली आहे. आठवड्यातून तीनदा.
आईचा अंगठा त्या पट्टीवरच फिरत असतो,
पितळ तिथे चकाकतं.
मला एवढंच सांगा,
ती एक खुर्ची येण्याआधी
आमच्या गावाने किती हरायचं असतं?
आणि खुर्ची घेणं
हे कुणाचं काम होतं?

सोळा विरुद्ध अठरा. विधेयक पडलं.
हेही मीच लिहिलं, ठळक अक्षरांत, नियमाप्रमाणे.

संध्याकाळी ती खाली आमच्या खोलीत आली,
कोट खांद्यावर, मसुदा तपासायला.
एक स्वल्पविराम हलवला. कुबाकींच्या नावापाशी थांबली.
ब्याऐंशी करता येईल? मधे वाढदिवस झाला त्यांचा.
मी म्हटलं, त्या दिवशी एक्याऐंशीच होते.
आणि ते अकरा सेकंद?
म्हटलं, गप्प बसण्याला खूण नाही आमच्याकडे.
बरं, म्हणाली, आणि माझ्या डब्यातलं
एक आल्याचं बिस्किट न विचारता उचललं.

आज पुन्हा मंगळवार.
दोन वाजून दहा.
बाक करकरला. कागद. चष्मा.
ती खोकली.
मी पेडलवर पाय ठेवला.